उलट्या वाटेचें गणित

घरांत लहान मुलाला ताप भरला आहे. थर्मामीटर ३९ हा आंकडा दाखवितो. आणि आजीच्या मनांतला ताप तर शंभराच्या पुढें मोजला जातो. एकोणचाळीस म्हणजे थोडा कीं फार, हा प्रश्न अशा वेळीं केवळ पुस्तकी राहत नाहीं.

सेल्सिअसच्या अंशांवरून फॅरनहाइटचे अंश काढण्याची रीत पुष्कळांना पाठ असते. दिलेल्या अंकास ९ नें गुणावें, ५ नें भागावें आणि शेवटीं ३२ मिळवावे. ३९ चे याप्रमाणें १०२.२ होतात. एका संख्येवरून दुसरी नेमकी संख्या काढून देणाऱ्या अशा नियमास गणितांत फलन म्हणतात. आणि येथें मूळ संख्येचा वर्ग किंवा घन येत नाहीं, म्हणून हें एकघाती फलन होय.

आतां उलट समजा. थर्मामीटर जुना, फॅरनहाइटचा आहे. तो १०४ दाखवितो, आणि डॉक्टरांच्या तक्त्यांत सेल्सिअसचा अंक लिहावयाचा आहे. येथें चांगलीं शिकलेलीं माणसेंहि फसतात. गुणाकाराच्या जागीं भागाकार, बेरजेच्या जागीं वजाबाकी, एवढें त्यांना ठाऊक असतें. परंतु क्रम मात्र तीं जुनाच ठेवितात. १०४ ला ५ नें गुणून ९ नें भागिलें, तर सुमारें ५७.८ येतात, त्यांतून ३२ वजा केले कीं उरतात २५.८. तापानें फणफणलेल्या मुलाचें अंग या हिशेबानें माठांतल्या पाण्याइतकें गार ठरतें!

सदऱ्यावर कोट चढविणारा माणूस काढतांना आधीं कोटच काढतो. ३२ शेवटीं मिळविले होते, म्हणून तेच प्रथम वजा करावयाचे. १०४ मधून ३२ गेले, राहिले ७२. त्यांस ९ नें भागून ८, आणि ५ नें गुणून ४०. हें झालें व्यस्त फलन. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांच्या पुष्कळ आधीं, ४९९ सालीं आर्यभटानें ही युक्ति सांगितली आहे. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त तिला व्यस्तविधि या नांवानें स्थान दिलें. उत्तरापासून निघावें आणि प्रत्येक क्रिया उलटवीत मूळ राशीपर्यंत यावें, एवढेंच तिचें सार.

अक्षरांनीं मांडावयाचें तर, क्ष ला अ नें गुणून ब मिळविल्यास य येतो. म्हणून य मधून ब वजा करून अ नें भागिल्यास क्ष परत मिळतो. अट एकच, अ शून्य नसावा. बिघडलेला थर्मामीटर ज्याला त्याला ९८ च दाखवूं लागला, तर त्या आंकड्यावरून कोणाला किती ताप हें कसें ओळखावें?

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ताप किती उतरला हें काढतांना ३२ मध्यें आणूं नयेत; दोन अंकांची वजाबाकी करतांना ते दोन्हीकडून जातात. ४० चा ताप ३९ वर आला, तर १०४ चा १०२.२ झाला. ‘एकच अंश उतरला’ म्हणून हिरमुसलेल्या आजीला, तिच्या मापानें तो जवळजवळ दोन अंश उतरला आहे, असें खुशाल सांगावें.