परदेशी एटीएमवर रुपये निवडावेत का?

घाटकोपर-मुलुंडहून मुलांना भेटायला परदेशी जाणाऱ्या अनेकांना तिथल्या एटीएमच्या पडद्यावर एक प्रश्न दिसतो: हिशेब रुपयांत करायचा की स्थानिक चलनात? रुपये निवडले की चलनबदलीचा खर्च वाचतो, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक वेळा घडते ते उलटे.

रुपयांचा पर्याय म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन (एटीएम चालवणाऱ्याने जागेवरच, स्वतःच्या दराने केलेली चलनबदली). अंधेरी स्टेशनबाहेर मीटर न टाकता रिक्षाचे एकरकमी भाडे ठरवावे, तसे हे आहे. आकडा आधी कळतो, पण त्यात समोरच्याचा नफा धरलेला असतो. स्थानिक चलन निवडले, तर बदली व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होते. तो बाजारभावाच्या जवळ असतो.

त्यावर आपली बँक मार्कअप (परकीय चलनातील व्यवहारावरचा अधिभार) लावते. तो ३.५ टक्के असेल, तर १०,००० रुपयांवर ३५० रुपये आणि त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे ६३, असे ४१३ रुपये होतात. रुपये निवडूनही काही बँका वेगळे शुल्क घेतात. अनेक बँकांचे दर खेपेला ठरावीक शुल्कही असते. म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा गरजेपुरती रक्कम एकदाच काढावी.

निघण्यापूर्वी बँकेचे शुल्कपत्रक पाहावे आणि कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवी कार्डे सुरुवातीला फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतात.