अलाइनमेंट बोल्ड करताना: कुरिअर न्यूच का?

थीसिसमध्ये डीएनए सिक्वेन्सची अलाइनमेंट टाकताय? मग आधी फॉन्ट बघा. टाइम्स न्यू रोमनमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. कॉलम सरकतात आणि नसलेलं म्युटेशन परीक्षकाला दिसू शकतं.

कुरिअर मोनोस्पेस आहे. १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी तो आयबीएमच्या टाइपरायटरसाठी काढला. इथे 'आय' असो की 'एम', जागा सारखीच. म्हणून बारीक आयला आडवे पाय जोडलेत, आणि एम बिचारा अंग चोरून बसतो.

गंमत म्हणजे बोल्ड केल्यावरही ही रुंदी बदलत नाही. रेघ जाड होते ती त्याच चौकटीत. त्यामुळे बदललेला एकच बेस बोल्ड केलात तरी पुढचं काही हलत नाही. मला तरी हाच त्याचा खरा गुण वाटतो. शिवाय साधा कुरिअर न्यू कागदावर फारच फिका येतो.

१२ पॉइंटला इंचात १० अक्षरं बसतात. ए-फोरवर दोन्हीकडे १ इंच समास सोडला की ६० बेसची ओळ मावते. डावीकडे सिक्वेन्सचं नावही हवं असेल तर १० पॉइंट घ्या, इंचात १२ बसतील. त्याहून लहान नको. बोल्डमध्ये पोकळ्या बुजतात आणि सी-जी सारखेच दिसायला लागतात.