परकराच्या नाडीखालची जखम

नाडी काचून कमरेवर काळा पट्टा पडणे बायकांना नवे नाही. खाज सुटते, साल निघते. हळद लावून पुन्हा त्याच जागी गाठ आवळायची! वर्षानुवर्षे असे चालले तर क्वचित तिथे व्रण होतो आणि त्यातून कातडीचा कर्करोग उद्भवतो. २०२४ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वयस्क स्त्रियांची नोंद आली. एक लुगडे नेसणारी होती. धोतराच्या गाठीखाली पुरुषांनाही हा रोग झालेला आहे.

महिनाभरात न भरणारी, कडा जाड झालेली, हात लागताच रक्त येणारी जखम दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवावी. (दुखत नाही म्हणूनच तर ती अंगावर काढली जाते.) छोटा तुकडा काढून तपासला की निदान होते, वेळीच कळले तर शस्त्रक्रियेने बरे होता येते. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, गाठ सैल ठेवावी.