संशोधन ऑनलाइन आले. पण इगतपुरीत वाचता येते का?

इगतपुरी : वैद्यकीय संशोधनाचा लेख वाचायचा, तर तालुक्याच्या गावातील डॉक्टरपुढे पूर्वी दोनच मार्ग असत. वर्गणी भरून टपालाची वाट पाहणे किंवा कसारा घाट उतरून मुंबईतील ग्रंथालय गाठणे. रेल्वेने हे अंतर सुमारे १३५ किलोमीटर. आता तोच लेख मोबाइलवर येऊ शकतो. मात्र 'ऑनलाइन' म्हणजे 'मोफत' नव्हे. फरक समजून घेऊ.

मुंबईतील नियतकालिकाने काय केले?

परळच्या केईएम रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघते. २००० च्या सुमारास ते पूर्ण लेखांसह इंटरनेटवर आले, तेही वाचकांना मोफत. छापील अंकही सुरू ठेवला. फुकट मिळू लागल्यावर वर्गणी कोण भरणार, ही भीती होती. ती खरी ठरली नाही. उलट देशाबाहेरचे वाचक आणि लेखक मिळाले. डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईतील 'मेडनो' या संस्थेने हीच वाट इतर अनेक भारतीय नियतकालिकांना दाखवली. २०११ मध्ये 'वोल्टर्स क्लुवर' या परदेशी कंपनीने ती संस्था विकत घेतली.

मग अडचण कुठे?

अनेक मोठ्या प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर लेखाचा सारांश दिसतो, पूर्ण लेखासाठी पैसे मागितले जातात. विंचूदंशाचेच उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर 'प्राझोसिन' हे औषध वापरले. त्याची माहिती १९८६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. रुग्ण कोकणातले; पण वाचायला परदेशी साप्ताहिकाची वर्गणी हवी. त्यांचा २०११ मधील पुढचा अभ्यास 'बीएमजे'मध्ये आला आणि तो कुणालाही मोफत वाचता येतो.

'एक राष्ट्र, एक सदस्यता' कुणासाठी?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या या योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तिच्या कक्षेत येतात. लाभ मात्र सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना. गावात खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्यातून थेट काही मिळत नाही.

मोबाइलवर लेख कसा शोधाल?

• 'पबमेड'वर विषय टाइप करून 'मोफत पूर्ण लेख' दाखवणारा पर्याय निवडा.
• 'पबमेड सेंट्रल'वरील लेख पूर्ण वाचता येतात.
• लेख बंद असेल, तर लेखकाला ई-मेल करा. अनेक संशोधक प्रत पाठवतात.
• नियतकालिकाचे संपादक मंडळ आणि पत्ता तपासा. लेखकांकडून पैसे घेऊन, तज्ज्ञांकडून तपासणी न करताच काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही ऑनलाइन आहेत.

सारांशावर भागवावे का?

नाही. औषधाची मात्रा, रुग्णांची निवड, कुणाला औषध देऊ नये हे तपशील बहुधा पूर्ण लेखातच असतात. रात्री विंचू चावलेला रुग्ण दारात आल्यावर डॉक्टरला नेमके तेच हवे असतात. नियतकालिक ऑनलाइन झाले की टपालाचा खर्च आणि वेळ वाचतो. पण गावातल्या रुग्णाला त्याचा उपयोग लेख खुला असेल तरच.