रूट 16 च्या पलीकडची अमेरिका

टोकियो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अ‍ॅनिमे आणि निऑन येतं ना? आता नकाशावर जरा पश्चिमेला सरका. टोकियो महानगरातलंच फुस्सा हे छोटं शहर दिसेल. क्षेत्रफळ जेमतेम 10 चौरस किलोमीटर, त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग अमेरिकेच्या योकोता हवाई तळाखाली. शहर आपलं, पण एरवी तिथे पासशिवाय प्रवेश नाही!

कुंपणालगतच्या रूट 16 वर बर्गर, जुनं अमेरिकन फर्निचर, मिलिटरी जॅकेटं. भटकायला एकदम भारी. अमेरिकन सैनिकांसाठी तळाबाहेर बांधलेली बैठी घरं 70 च्या दशकात रिकामी होऊ लागली आणि स्वस्त भाड्यामुळे तिथे गाणारी-लिहिणारी मुलं राहायला आली. र्‍यू मुराकामी हा त्यांच्यातलाच. फुस्सातल्या तरुणांवरच्या त्याच्या पहिल्याच कादंबरीला 1976 मध्ये मानाचं अकुतागावा पारितोषिक मिळालं, तेव्हा तो 24 वर्षांचा होता.

रीलमध्ये हे सगळं मस्त दिसतं. विमानाचा आवाज मात्र म्यूट करता येत नाही. विमाननगरला पीजीत राहत असाल तर कळेल मी काय म्हणतेय ते. तळाभोवतीचे रहिवासी कित्येक वर्षं कोर्टात भांडतायत : निदान रात्री तरी उड्डाणं थांबवा. 1993 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने झालेल्या त्रासाची भरपाई मान्य केली, उड्डाणं थांबवायला नकार दिला. मग लोकांनी थेट अमेरिकेवरच दावा ठोकला. दुसऱ्या सार्वभौम देशाच्या लष्करी कामावर इथे खटला चालत नाही, म्हणून 2002 मध्ये तोही फेटाळला गेला.

भरपाई मिळते, पण ती जपान सरकारच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत कर भरणाऱ्यांमध्ये रात्री जागणारे फुस्साकरही आलेच.