न बांधलेल्या विमानाचे गणित

दिवाळीत बाटलीत उभा करून सोडलेला बाण तुम्ही पाहिला आहे. वात पेटताच तो छपराच्याही वर जातो आणि पाहता पाहता विझून खाली येतो. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, जुलै १९३९ मध्ये, जर्मनीतील वेर्नर फॉन ब्राउन या २७ वर्षांच्या अभियंत्याने अशा बाणात माणूस बसवण्याचा आराखडा मांडला. ते विमान कधीच बांधले गेले नाही. त्या कल्पनेत बळ कोठे होते आणि खोट कोठे होती, हे नववी-दहावीच्या गणिताने समजू शकते.

अडचण होती वेळेची. बॉम्बफेकी विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरा. म्हणजे मिनिटाला ५ किलोमीटर. पंख्याच्या लढाऊ विमानाला ८ किलोमीटर उंची गाठण्यास आठ-दहा मिनिटे तरी लागत. दहा मिनिटांत शत्रू ५० किलोमीटर पुढे सरकतो. तो बीडवरून निघाला असेल, तर गेवराई केव्हाच मागे पडलेली असेल!

फॉन ब्राउन यांचे विमान जमिनीवरून सरळ उभे उडणार होते आणि ८,००० मीटर उंची ५३ सेकंदांत गाठणार होते. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे जवळजवळ पाच कळसूबाया एका मिनिटाच्या आत! तेवढ्या वेळात शत्रू साडेचार किलोमीटरही जाणार नाही. वर पोहोचल्यावर लहान इंजिनावर उडून हल्ला करायचा आणि मग घारीसारखे तरंगत उतरायचे, अशी योजना होती.

आता s = ½at² हे सूत्र वापरा. त्वरण सारखेच राहिले असे मानले, तर ते सेकंदाला सेकंदामागे सुमारे ५.७ मीटर येते. त्यात गुरुत्वत्वरणाचे ९.८ मिळवा. ५० किलो वजनाच्या वैमानिकाला आपण जवळजवळ ८० किलोंचे झालो आहोत असे वाटेल. हे माणसाला सोसण्याजोगे आहे. मग खोट कोठे?

उत्तरासाठी परळीच्या औष्णिक वीज केंद्राकडे पाहू. तेथे कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून येतो, पण ऑक्सिजनसाठी एकही वाघीण लागत नाही. तो हवेतून फुकट मिळतो. रसायनशास्त्र सांगते की १२ ग्रॅम कार्बन जळण्यास ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनही वाहून आणावा लागला असता, तर कार्बनच्या प्रत्येक तीन वाघिणींमागे आणखी आठ वाघिणी लागल्या असत्या!

अग्निबाणाची स्थिती नेमकी हीच असते. पंख्याचे किंवा जेट विमान हवेतून ऑक्सिजन घेते. नाशिकजवळ ओझरला बांधलेली आणि २०२५ मध्ये वायुदलातून निवृत्त झालेली मिग-२१ विमानेही तशीच होती. अग्निबाण मात्र जाळायचे इंधन आणि ते जाळणारे द्रव्य ही दोन्ही पोटात घेऊन निघतो. म्हणून त्याचा जोर प्रचंड, पण शिदोरी मिनिटांची.

जर्मन हवाई मंत्रालयाने हा आराखडा नाकारला. १९४१ मधील सुधारित आराखडाही कागदावरच राहिला. परंतु मेसरश्मिट १६३ हे अग्निबाण-विमान, धावपट्टीवरून उडणारे का होईना, १९४४ मध्ये खरोखरच लढाईत उतरले. त्याची सुमारे दोन टन द्रव्ये सात-आठ मिनिटांत संपत. त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर शत्रूच्या तुलनेत तो ६०० होतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ मीटर. मागून येताना ६०० मीटरवरून मारा सुरू करून, टक्कर टाळण्यासाठी २०० मीटरवर वळायचे, तर नेम धरण्यास उरतात अवघे अडीच सेकंद! साडेतीनशेहून अधिक विमाने बांधली गेली, पण त्यांनी पाडलेली विमाने वीसही भरली नाहीत.

उभ्या उड्डाणाची कल्पना युद्धाच्या अखेरीस बाखेम नाटर या विमानात पुन्हा वर आली. १ मार्च १९४५ रोजी लोथार सीबर हा २२ वर्षांचा वैमानिक त्यात बसून उडाला. मिनिटभरातच विमान कोसळले आणि तो मरण पावला. हरत चाललेल्या राजवटीच्या घाईची किंमत अशा तरुणांनी मोजली. फॉन ब्राउन यांचा व्ही-२ अग्निबाण बांधताना तर छळछावणीतील हजारो कैद्यांचे प्राण गेले.

मग ती कल्पना संपली का? नाही, तिच्यातून फक्त माणूस वजा झाला. फॉन ब्राउन यांच्याच गटाने पुढे वासरफाल हे विमानवेधी क्षेपणास्त्र तयार करून १९४४ मध्ये त्याच्या चाचण्या घेतल्या. क्षेपणास्त्राला परत उतरायचे नसते, आणि वाट दाखवण्याचे काम रडार व यंत्रे करू शकतात. आज आकाशाचे राखण करणारी क्षेपणास्त्रे याच वाटेवरची आहेत. आपल्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राच्या मूळ रूपात तर आणखी एक गंमत आहे. सुरुवातीचा जोर मिळाल्यावर त्याचे इंजिन बाहेरच्या हवेतलाच ऑक्सिजन घेते. परळीच्या भट्टीचा धडा तेथेही उपयोगी पडला आहे!

आता एक गणित तुमच्यासाठी. तेच विमान तेवढीच उंची ३० सेकंदांत गाठणार असते, तर ५० किलोंच्या वैमानिकाला आपले वजन किती वाटले असते?