गिअर बदलावा केव्हा?

मोटारीची इंजिनं शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये वरचा गिअर नेमका केव्हा टाकायचा? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असतं आणि ते दोहोंपैकी एक असतं. एक गट म्हणतो, इंजिनाचा टॉर्क जिथे सर्वांत जास्त, तिथेच गिअर बदलावा. त्यापुढे इंजिन ताणून मिळवायचं काय? दुसरा गट म्हणतो, काटा तांबड्या रेघेला टेकेपर्यंत पाय उचलायचाच नाही. मग वाद रंगतो. पण या वादाचा निकाल आवाज चढवून लागत नाही, एका साध्या गुणाकाराने लागतो. तो आज आपण करून पाहू.

आधी टॉर्क म्हणजे काय ते पाहू. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना मनगटाला जो पिळाचा जोर लावावा लागतो, तोच टॉर्क. इंजिन असाच जोर लावून दांडा फिरवत असतं. पण हा जोर थेट चाकाला मिळत नाही. मधे गिअरबॉक्स असतो आणि तो या जोराला गुणतो. गिअरची सायकल चालवलेल्यांना हे सांगायला नको. चढावर आपण हलका गिअर घेतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चाकाला जोर मिळतो. सपाटीवर जड गिअर घेतला की पाय संथ फिरतात, वेग मिळतो आणि जोर कमी होतो. मोटारीतही पहिल्या गिअरचा गुणक सर्वांत मोठा आणि पुढच्या प्रत्येक गिअरचा त्याहून लहान.

म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा जोर इंजिनाच्या टॉर्कवर जितका अवलंबून असतो, तितकाच गिअरच्या गुणकावरही असतो. पहिला गट नेमकं हेच विसरतो. इंजिनाचा टॉर्क थोडा उतरला तरी गुणक मोठा असेल, तर चाकापाशी जोर जास्तच राहतो.

आता एक खरीखुरी गाडी घेऊ. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या जपानच्या होंडा कंपनीने पन्नाशीच्या निमित्ताने एक दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार आखली. तिचं नाव एस २०००. शिगेरु उएहारा हे तिचे प्रमुख अभियंते. १९९९ ते २००९ या काळात ही गाडी तयार झाली. भारतात कंपनीने ती विकली नाही, पण जास्त फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणं कठीण. इंजिन अवघं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो नाही. सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे. आणि तांबडी रेघ मिनिटाला ९००० फेऱ्यांवर!

या इंजिनाचे आकडे गमतीचे आहेत. युरोपातल्या गाडीत त्याचा कमाल टॉर्क २०८ न्यूटन-मीटर, तोही ७५०० फेऱ्यांवर. कमाल शक्ती २४० अश्वशक्ती, ८३०० फेऱ्यांवर. याच्याशेजारी २००७ मध्ये आपल्याकडे आलेली मारुतीची डिझेल स्विफ्ट ठेवून पाहा. तिचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ तितकाच. पण शक्ती ७५ अश्वशक्ती. टॉर्क सारखा, मग शक्ती तिपटीहून अधिक कशी? कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. स्विफ्ट तो जोर २००० फेऱ्यांवर देते, एस २००० तोच जोर ७५०० फेऱ्यांवर देते. एकच मजूर तितक्याच वजनाची पाटी मिनिटाला दोनदा उचलतो की सात वेळा, असा हा फरक आहे.

इतक्या वरच्या फेऱ्यांवर इंजिनाचा दम टिकतो तो व्हीटेक नावाच्या रचनेमुळे. २००० सालच्या आसपास आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या होंडा सिटीच्या पाठीवर ही अक्षरं अनेकांनी वाचली असतील. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्टवरचे उंचवटे करतात. कमी फेऱ्यांवर लहान उंचवटा पुरतो. जास्त फेऱ्यांवर मात्र श्वास घ्यायला वेळच अपुरा पडतो. तिथे व्हॉल्व्ह अधिक उघडायला आणि अधिक काळ उघडे राहायला हवेत. एस २००० मध्ये दोन्ही प्रकारचे उंचवटे शेजारी शेजारी आहेत. सुमारे सहा हजार फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने एक खिटी सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या ताब्यात जातात. इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी नव्याने जोर धरते.

आता तो गुणाकार. या गाडीच्या दुसऱ्या गिअरचा गुणक २.०४५ आणि तिसऱ्याचा १.४८१. पुढचे गुणक दोन्हींना सारखेच लागू होतात, म्हणून ते बाजूला ठेवू. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने आपला सगळा म्हणजे २०८ चा टॉर्क दिला, तरी गुणाकार होतो ३०८. यापेक्षा जास्त जोर तिसरा गिअर कधीच देऊ शकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये हेच ३०८ मिळवायला इंजिनाने किती टॉर्क द्यायला हवा? फक्त १५१. आणि ९००० फेऱ्यांवर या इंजिनाचा टॉर्क उतरलेला असला, तरी इतका खाली येत नाही. म्हणजे तांबड्या रेघेपर्यंत प्रत्येक क्षणी दुसरा गिअरच तिसऱ्यापेक्षा जास्त ढकलत असतो. लवकर गिअर बदलणारा हातातला जोर सोडून देतो. या गाडीपुरता तरी निकाल दुसऱ्या गटाच्या बाजूने!

या निकालाला आणखी एक आधार आहे. वरचा गिअर पडला की फेरे खाली येतात. किती खाली, ते दोन गुणकांच्या प्रमाणावर ठरतं. पहिल्या गिअरमधून ९००० वर दुसरा टाकला तर काटा ५९०० च्या आसपास येतो, म्हणजे व्हीटेकच्या अगदी उंबरठ्यावर. तोच गिअर ८००० वर टाकला तर काटा ५२०० वर उतरतो आणि इंजिन मोठा श्वास सोडून पुन्हा लहान श्वासावर येतं. दुसऱ्यातून तिसरा ९००० वर टाकला तर काटा ६५०० वर, तिसऱ्यातून चौथा टाकला तर ७००० च्या किंचित वर, आणि पाचवा-सहावा टाकताना ७५०० वर. गिअर जसे चढत जातात तसे ते जवळ जवळ येतात, कारण इंजिनाचा दम ज्या पट्ट्यात आहे त्याच पट्ट्यात त्याला ठेवायचं असतं. म्हणून चालकाने 'कुठे सोडू' याच्या जोडीला 'कुठे उतरेन' हेही मनाशी धरावं.

मात्र हा नियम सरसकट सगळ्या गाड्यांना लावू नका. त्या डिझेल स्विफ्टची कमाल शक्ती ४००० फेऱ्यांवर आहे. तिला त्यापुढे ताणण्यात फारसा अर्थ नाही. आवाज वाढेल, वेग नव्हे. खुद्द एस २००० मध्येही २००४ पासून अमेरिकेत २.२ लिटरचं इंजिन आलं. पिस्टनची धाव ८४ मिलिमीटरवरून ९०.७ झाली आणि तांबडी रेघ ८००० वर आली. गाडीचं नाव तेच, पण गिअर बदलायचा आकडा निराळा.

असं का, हे समजायला पिस्टनकडे पाहावं लागतं. ९००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १५० वेळा वर आणि १५० वेळा खाली जातो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. असं सेकंदाला तीनशे वेळा! त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर होतो. धाव वाढवली की हाच वेग कमी फेऱ्यांवर गाठला जातो. तांबडी रेघ धातूच्या या सोसण्याची सीमा दाखवते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरचा गिअर टाकायला उशीर झाला तर इंजिनाला एक राखणदार असतो. फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले की इलेक्ट्रॉनिक व्यवस्था इंधन तोडते. गाडी हिसका देते, वेळ वाया जातो, पण इंजिन वाचतं. म्हणून जाणता चालक रेघेच्या किंचित आधी हात हलवतो. खालचा गिअर टाकताना मात्र हा राखणदार काही करू शकत नाही. तिथे इंजिनाला इंधन फिरवत नसतं, धावती चाकं फिरवत असतात. तिसऱ्यात ९००० वर असताना चौथ्याऐवजी घाईत दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला १२,४०० फेऱ्यांवर ओढून नेतात. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगांना तो वेग झेपत नाही. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि क्षणार्धात इंजिनाचा चुराडा होऊ शकतो.

यावर उपाय मघाच्याच आकड्यांत आहे. ते उलटे वाचा. दुसऱ्यातून तिसरा टाकताना काटा ९००० वरून ६५०० वर आला होता. म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरायचं, तर काटा ६५०० च्या बराच खाली आलेला हवा. आधी ब्रेक, मग गिअर, हा क्रम मोडायचा नाही. दांडी आवळून धरून ढकलायची नाही. तळहाताने हलकेच, ज्या बाजूचा गिअर हवा त्या बाजूला न्यायची. आणि हे सगळं वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उरकायचं. एस २००० ला मागची चाकं ओढतात. वळणात असताना अचानक खालचा गिअर पडला तर ती चाकं क्षणभर अडखळतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. म्हणून शर्यतीचे चालक उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरतात आणि त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी देतात. त्यामुळे क्लच सुटण्याआधीच इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला काय कामाचं? एस २००० दुसऱ्या गिअरमध्येच ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे ९००० फेऱ्यांचा खेळ शर्यतीच्या बंदिस्त मैदानावरचाच. रस्त्यावर त्याला जागा नाही. तिथेही इंजिन तापल्याशिवाय तो सुरू करू नये. थंड इंजिनात तेल घट्ट असतं. या गाडीत तर इंजिन गरम होईपर्यंत व्हीटेक चालूच होत नाही. रोजच्या रस्त्यावर हीच गाडी अडीच-तीन हजार फेऱ्यांवर गिअर बदलत निवांत चालते. तिथे आपल्याला सगळा जोर नको असतो. हवा तेवढा जोर कमी इंधनात मिळाला की झालं.

पण खालच्या गिअरचा धडा आपल्या रस्त्यावर अगदी जसाच्या तसा लागू पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. उतारावर खालचा गिअर इंजिनाकडून गाडीला रोखून धरतो आणि ब्रेक तापत नाहीत. फक्त तो गिअर उतार सुरू होण्याआधी, वेग आटोक्यात असताना टाकायचा. गाडी उताराला सुसाट लागल्यावर घाबरून दांडी खाली ओढली, तर साध्या मोटारीतही चाकं इंजिनाला नको तितकं फिरवतात.

तेव्हा गिअर केव्हा बदलावा, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. वर जाताना पुढचा गिअर आताच्या गिअरइतका ढकलू शकेल का, हे विचारावं. खाली येताना या वेगाला इंजिन किती फिरेल, हे विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर शर्यतीतला अर्धा सेकंद जातो. दुसऱ्याचं चुकलं तर इंजिन जातं, आणि वळणावर असाल तर त्याहून मोलाचं काही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी खालचा गिअर आधी शिकवतो आणि वरचा मागाहून.